अंगणात कोणते झाड लावावे?

वैशाख महिना आला की विदर्भातील ऊन अंगाची लाही लाही करू लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन तापून भेगाळते, विहिरींचे पाणी खोल जाते आणि माणसे, गुरे, पाखरे सारीच सावलीचा शोध घेऊ लागतात. अशा या कठीण दिवसांत काही वृक्ष मात्र फुलांनी असे बहरून येतात की, वाटसरूने क्षणभर थांबून पाहत राहावे. कोणी लाल फुलांची छत्री धरून उभा असतो, कोणाच्या अंगावर सोनेरी घोस लोंबत असतात, तर कोणी निळसर जांभळा शेला पांघरलेला असतो. ही शोभा पाहिली म्हणजे आपल्याही अंगणात असे एखादे झाड असावे, असे कोणालाही वाटेल.

ही इच्छा चांगली आहे. परंतु तिच्या पाठोपाठ दोन प्रश्न मनात यावयास हवेत. आपल्याला आवडलेले झाड नेमके कोणते, हा पहिला प्रश्न. ते आपल्या अंगणात सुखाने नांदेल काय, हा दुसरा. घरात आणलेली खुर्ची एका जागी अडचणीची वाटली, तर ती उचलून दुसरीकडे ठेवता येते. झाडाचे तसे नाही. त्याने एकदा मूळ धरले की तीच त्याची जन्माची जागा होय. रोप लावताना आपण विचार केला नाही, तर त्याची शिक्षा आपल्याला नव्हे, झाडालाच भोगावी लागते. वीस-पंचवीस वर्षे वाढलेला, ऐन बहरात आलेला वृक्ष केवळ चुकीच्या जागी उभा आहे म्हणून तोडावा लागतो. म्हणून झाडावर खरे प्रेम करावयाचे असेल, तर ते लावण्यापूर्वीच त्याची पुरती ओळख करून घ्यावी.

ही गोष्ट एका उदाहरणाने समजून घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजी नावाचे गाव आहे. मलकापूर आणि नांदुरा या दोन गावांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ते वसले आहे. ज्या गावाच्या नावाची सुरुवातच ‘वड’ या अक्षरांनी होते, त्या गावात झाडाचा विचार करणे अगदी उचितच म्हणावे लागेल. समजा, या गावातील एका कुटुंबाला कोणी एक रोप दिले. रोप हातभर उंचीचे आहे. त्याची पाने पिसांसारखी आहेत. देणारा म्हणाला, “हा गुलमोहर आहे. अंगणात लावा.” आता हा खरोखरच गुलमोहर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

झाड ओळखण्यासाठी पान, फूल, फळ आणि खोड या चार साक्षीदारांची साक्ष घ्यावी लागते. एकाच साक्षीदारावर विसंबून न्याय देणारा न्यायाधीश जसा फसतो, तसाच केवळ फुलाचा रंग पाहून झाडाचे नाव सांगणारा मनुष्यही फसतो. रोपाला तर फूलही नसते आणि फळही नसते. म्हणून तेथे पानाची साक्ष फार महत्त्वाची ठरते.

प्रथम पान म्हणजे नेमके काय, ते पाहू. आंब्याचे किंवा वडाचे पान अखंड असते. त्याला साधे पान म्हणतात. कडुनिंबाचे पान मात्र अनेक लहान लहान भागांचे बनलेले असते. अशा पानास संयुक्त पान म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक लहान भागास पर्णिका असे नाव आहे. पान कोणते आणि पर्णिका कोणती, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पानाचा देठ जेथे फांदीला मिळतो, तेथे बेचक्यात एक बारीक कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी अशी कळी कधीही नसते. ही खूण ध्यानात ठेवली, तर ज्याला आपण डहाळी समजत होतो, ते वस्तुतः एकच पान आहे, असे आढळून येईल.

गुलमोहराचे पान दोन वेळा विभागलेले असते. मधल्या लांब दांडीला दोन्ही बाजूंनी उपदांड्या फुटतात. त्यांच्या दहा ते वीस-पंचवीस जोड्या असतात. या प्रत्येक उपदांडीवर पुन्हा बारीक पर्णिकांच्या दाट ओळी असतात. असे एक पान हातभर लांब होऊ शकते आणि त्यावर शेकडो पर्णिका असतात. परंतु एवढ्यावरून “हा गुलमोहरच” असे म्हणता येणार नाही, कारण अशीच पाने असलेली आणखी काही झाडे आपल्या परिसरात लावली जातात. नीलमोहर, सोनमोहर आणि शंकासुर ही त्यांपैकी तीन होत.

या चौघांतील भेद बारकाईने पाहिल्यास सहज कळतो. गुलमोहराची पाने फांदीवर एकाआड एक येतात. नीलमोहराची पाने मात्र समोरासमोर, जोडीने येतात. गुलमोहराच्या पर्णिकेचे टोक बोथट व गोलसर असते, तर नीलमोहराच्या पर्णिकेचे टोक अणकुचीदार असते आणि उपदांडीच्या शेवटी एक पर्णिका इतरांहून लांब असते. सोनमोहराची पाने गुलमोहराप्रमाणेच एकाआड एक असतात. परंतु त्याच्या कोवळ्या फुटीवर आणि कळ्यांवर लोखंडाच्या गंजासारखी तांबूस मखमली लव असते. शंकासुर हे मोठे झाड नसून झुडूप आहे आणि त्याच्या फांद्यांवर बहुधा काटे असतात. आपल्या रोपाची पाने एकाआड एक आहेत, पर्णिका बोथट आहेत, तांबूस लव नाही आणि काटेही नाहीत, एवढे पाहून झाले म्हणजे हा बहुधा गुलमोहर असावा, असे म्हणावयास हरकत नाही.

फूल आणि शेंग यांची साक्ष मिळाली म्हणजे हे ‘बहुधा’ गळून पडते. त्यासाठी जवळपासचा मोठा, फुललेला वृक्ष पाहावा. गुलमोहराच्या फुलाला पाच पाकळ्या असतात. त्यांपैकी चार तांबड्या किंवा केशरी असतात. पाचवी मात्र किंचित मोठी व उभी असून तिच्यावर पांढऱ्या-पिवळ्या रंगात तांबडे ठिपके व रेषा असतात. कळीचे जाड आवरण बाहेरून हिरवे आणि आतून तांबडे असते. फुलाच्या मध्यभागी दहा पुंकेसर असतात. त्यांची डोकी एकमेकांत अडकवून ओढाओढी करण्याचा खेळ पुष्कळ मुलांना ठाऊक असेल. गुलमोहराची शेंग चपटी, लाकडासारखी कठीण आणि दीड-दोन फूट लांब असते. ती वाळून काळपट झाली तरी कित्येक महिने झाडावर तलवारीसारखी लोंबत राहते. उलटपक्षी नीलमोहराचे फूल घंटेच्या आकाराचे व जांभळे असते आणि त्याचे फळ गोल, चपट्या डबीसारखे असते. सोनमोहराची फुले पिवळी असून त्याच्या शेंगा बोटभर लांबीच्या आणि तांब्याच्या रंगाच्या असतात.

आता गुलमोहराचा थोडा पूर्ववृत्तांत पाहू. हा वृक्ष आपल्याकडे इतका रुळला आहे की, तो परदेशी आहे असे कोणास वाटणारही नाही. परंतु त्याचे माहेर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटावर आहे. मॉरिशस येथे राहणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बोजर यांनी या वृक्षाचा शोध लावला आणि सन १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर तो उष्ण प्रदेशांत झपाट्याने पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो मुंबईत येऊन पोहोचला. शास्त्रीय भाषेत त्याला डेलोनिक्स रेजिया असे म्हणतात. त्यातील पहिला शब्द ग्रीक भाषेतून आला असून पाकळीच्या लांब, नखासारख्या देठाकडे त्याचा निर्देश आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘राजेशाही’ असा होतो. महाराष्ट्राने या पाहुण्यावर मनापासून प्रेम केले. सातारा येथे १ मे हा दिवस गुलमोहर दिन म्हणून साजरा केला जातो.

रोपाची ओळख पटली. आता दुसरा प्रश्न. हा राजेशाही पाहुणा वडनेर भोलजी येथील अंगणात सुखाने राहील काय? याचे उत्तर देण्यासाठी झाडाचा स्वभाव आणि अंगणाची स्थिती या दोन्ही गोष्टी तपासल्या पाहिजेत.

गुलमोहर साधारणपणे दहा ते बारा मीटर उंच होतो. परंतु त्याची खरी वाढ आडवी असते. त्याच्या फांद्या चोहोकडे पसरून मोठी छत्री तयार होते आणि तिची रुंदी झाडाच्या उंचीइतकी, कधी कधी तिच्याहूनही अधिक होते. तो लवकर वाढतो, हा त्याचा गुण. परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असते, हा त्याचा दोष. त्याची मुळे जमिनीत खोल जाण्याऐवजी पुष्कळशी वरच्या थरातच दूरवर पसरतात. जुन्या गुलमोहराच्या बुंध्याभोवती जमिनीवर उठून दिसणारी जाड मुळे तुम्ही पाहिली असतील. पसरलेले डोके, ठिसूळ फांद्या आणि उथळ मुळे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वादळात काय होईल, याची कल्पना कोणालाही करता येईल. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पावसाळ्याच्या दिवसांत मोडून किंवा उन्मळून पडणाऱ्या झाडांत गुलमोहर वारंवार आढळतो. वऱ्हाडात तर मृगाच्या आधी वावटळी उठतात आणि वळवाचा पाऊस सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो.

आता अंगणाकडे वळू. समजा, आपले अंगण १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. एका बाजूस घराची भिंत आहे, दुसऱ्या बाजूस विहीर आहे आणि रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा गेल्या आहेत. गुलमोहर अगदी मध्यभागी लावला, तरी तो रुंदीच्या दोन्ही बाजूंपासून केवळ साडेचार मीटर अंतरावर राहील. मोठा झाल्यावर त्याच्या फांद्या पाच-सहा मीटरपर्यंत सहज पसरतील. म्हणजे एकीकडे त्या घराच्या छपरावर येतील, तर दुसरीकडे तारांना भिडतील. एखाद्या वादळी रात्री जाड फांदी टिनाच्या छपरावर कोसळली, तर घरातील माणसांच्या जिवावरच बेतेल. त्याची बारीक पानेही पिवळी पडून विहिरीत गळत राहतील.

जमिनीचा विचार याहूनही महत्त्वाचा आहे. या भागातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली म्हणजे आकसून तिला भेगा पडतात. मोठ्या झाडाची मुळे उन्हाळ्यात जमिनीतील ओल शोषून घेतात. त्यामुळे घराजवळची माती अधिकच आकसते. पावसाळ्यात तीच माती पुन्हा फुगते. दरवर्षी होणाऱ्या या हालचालीमुळे पाया हलतो आणि भिंतीस तडे जाण्याचा संभव असतो. म्हणून काळ्या जमिनीत कोणतेही मोठे झाड भिंतीला खेटून लावू नये. गुलमोहरासारख्या झाडाला तर घरापासून निदान आठ-दहा मीटर मोकळी जागा हवी.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याला झाड कशासाठी हवे आहे? पुष्कळ लोक म्हणतील, “उन्हाळ्यात सावली मिळावी म्हणून.” परंतु गुलमोहर कोरड्या हवेत फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आपली बहुतेक पाने गाळून टाकतो. पानांवाटे पाण्याची सतत वाफ होत असते. पाणी दुर्मिळ झाले की पाने टाकून देऊन वृक्ष आपला जीव राखतो. ही त्याची शहाणी काटकसर आहे. परंतु त्यामुळे ऊन तापू लागते, त्याच वेळी त्याची सावली विरळ होते. सावली हेच मुख्य प्रयोजन असेल, तर कडुनिंबासारखा दुसरा वृक्ष नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास त्याला कोवळी पालवी फुटलेली असते आणि वैशाखात तो हिरवागार असतो. मात्र कडुनिंबही मोठा वृक्ष होय. त्यालाही ऐसपैस जागा द्यावी लागते.

मग या अंगणात शोभेचे झाड लावूच नये काय? असे मुळीच नाही. गुलमोहराऐवजी आपल्या मातीतील एका वृक्षाचा विचार करून पाहू. तो वृक्ष म्हणजे बहावा. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील पानझडी रानांत तो आपोआप उगवतो. संस्कृतमध्ये त्याला आरग्वध म्हणतात, तर हिंदी भाषिक लोक त्याला अमलतास म्हणतात. केरळात विषू या सणाच्या पहाटे देवापुढे जी मंगल आरास मांडतात, तिच्यात बहाव्याच्या फुलांना मानाचे स्थान असते. थायलंड या देशाने तर त्याला आपले राष्ट्रीय फूल मानले आहे.

बहावा ओळखणे कठीण नाही. त्याचे पानही संयुक्त असते, पण ते एकदाच विभागलेले असते आणि त्यावर मोठ्या, रुंद पर्णिकांच्या चार ते आठ जोड्या असतात. त्याची पिवळीधमक फुले हातभर लांबीच्या घोसांत खाली लोंबतात. दूरून पाहिले असता झाडाला सोन्याची झुंबरे टांगल्यासारखी वाटतात. फुलातील दहा पुंकेसरांपैकी तीन विशेष लांब आणि वर वळलेले असतात. काळे भुंगे या फुलांवर गुणगुणत येतात आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. सर्वांत निर्विवाद खूण म्हणजे त्याची शेंग. गुलमोहराची शेंग चपटी, तर बहाव्याची दंडगोल, एखाद्या काळ्या रुळासारखी. ती फोडली असता आत नाण्यांची चळत ठेवावी तसे पातळ पडदे आढळतात. प्रत्येक खणात एक बी असते आणि सभोवती चिकट, काळा गर असतो. माकडे आणि अस्वले हा गर आवडीने खातात व त्यांच्याबरोबर बिया दूरवर जाऊन पडतात. बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्ही ऐकले असेल. माणसांनी मात्र हा गर गंमत म्हणून चाखू नये. तो तीव्र रेचक आहे आणि औषध म्हणून वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाचा असतो.

आता बहाव्यालाही तेच प्रश्न विचारू. आवडता वृक्ष म्हणून त्याची परीक्षा सौम्य करून चालणार नाही. अंगणात लावलेला बहावा बहुधा आठ-दहा मीटर उंच होतो आणि त्याच्या डोक्याचा पसारा सहा ते आठ मीटर असतो. म्हणजे मध्यभागी लावल्यास त्याच्या फांद्या तीन-चार मीटरच पसरतील आणि छपरापासून व तारांपासून दूर राहतील. त्याचे लाकूड कठीण व मजबूत असते. कोरड्या हवेत तग धरण्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. गुरे व शेळ्या त्याचा पाला सहसा खात नाहीत, हाही खेड्यातील अंगणाच्या दृष्टीने लहान गुण नव्हे. आता त्याचे दोष सांगितले पाहिजेत. तो सावकाश वाढतो, म्हणून फुलांसाठी पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागते. फुलण्याच्या सुमारास त्याचीही पाने गळतात, म्हणून भर उन्हाळ्यातील दाट सावली तोही देणार नाही. पाणी साचून राहणारी जागा त्याला मानवत नाही. हे गुणदोष तराजूत घालून पाहिले, तर १२ मीटर लांब व ९ मीटर रुंद अशा अंगणासाठी गुलमोहरापेक्षा बहावा योग्य, असाच निर्णय द्यावा लागेल. ओट्यावर सावली हवी असेल, तर मांडव घालून त्यावर मधुमालतीचा वेल चढवावा.

याचा अर्थ गुलमोहर वाईट आणि बहावा चांगला, असा मात्र कोणी करू नये. हेच रोप गावाबाहेरील मोकळ्या मैदानाच्या कडेला, घरे व तारा यांपासून दूर लावले, तर तो गुलमोहर गावाचे भूषण होईल. दोष झाडात नसतो. जागा आणि झाड यांचा मेळ न बसणे, हाच खरा दोष होय. ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल आहे. कोकणात ओढ्याकाठी ते जांभळ्या फुलांनी सुरेख बहरते. परंतु त्याला ओल प्रिय आहे. वडनेर भोलजीच्या कोरड्या उन्हाळ्यात ते वाढवावयाचे, तर नियमाने पाणी देण्याची तयारी हवी. पूर्णेच्या काठच्या पट्ट्यातील काही गावांत विहिरींचे पाणी खारट असते. तेथे रोपाला कोणते पाणी मिळणार, याचाही आधी विचार करावा.

शोभेचे झाड निवडताना आणखी एका गोष्टीची चौकशी अवश्य करावी. त्याचा कोणता भाग विषारी आहे काय? पिवळ्या कण्हेरीची फुले मोहक असतात. तिला पाणीही फार लागत नाही, म्हणून ती पुष्कळ ठिकाणी लावलेली दिसते. परंतु तिचे सर्व भाग विषारी असून बिया तर विशेष घातक असतात. लाल व पांढऱ्या कण्हेरीचेही तसेच आहे. ज्या घरात अजाण बालके आहेत, ज्या अंगणात गुरे बांधली जातात, तेथे कण्हेर लावणे शहाणपणाचे नाही. झाडाचे सौंदर्य डोळ्यांना दिसते. त्याचे विष मात्र माहिती असल्याशिवाय दिसत नाही.

झाड मोठे झाल्यावर किती जागा व्यापील, याचा अंदाज रोपाकडे पाहून येत नाही. तो घेण्यासाठी त्याच जातीचा वाढलेला वृक्ष मोजावा. उंची मोजण्यासाठी झाडावर चढण्याची गरज नाही. सकाळी किंवा दुपार कलल्यावर एक मीटर लांबीची काठी उन्हात सरळ उभी धरा आणि तिची सावली मोजा. लगेच झाडाचीही सावली बुंध्यापासून शेंड्याच्या टोकापर्यंत मोजा. काठीची सावली ८० सेंटिमीटर भरली आणि झाडाची सावली ८ मीटर भरली, तर झाड १० मीटर उंच आहे, हे गणिताने कळेल. हा प्रयोग मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी मात्र करू नये. त्या दिवसांत वडनेर भोलजी येथे मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. परंतु याच वेळी झाडाच्या डोक्याचा पसारा मोजता येतो, कारण त्याची सावली बरोबर त्याच्या खालीच पडलेली असते. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पावलांनी मोजावी. मग तेवढेच वर्तुळ आपल्या अंगणात काठीने आखावे. ते वर्तुळ भिंतीला, विहिरीला किंवा तारांना छेदत नसेल, तर ते झाड तेथे लावावयास हरकत नाही.

निवड झाली म्हणजे लागवडीची तयारी करावी. उन्हाळ्यातच सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो तापू द्यावा. त्यात माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. पावसाळ्याचा जोर सुरू झाल्यावर, जमीन चांगली भिजली म्हणजे रोप लावावे. बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून तेथील माती किंचित उंच ठेवावी. रोपाला आधाराची काठी द्यावी आणि भोवती काटेरी कुंपण करावे. पहिले दोन-तीन उन्हाळे आळे करून त्याला पाणी घालावे. बहावा बियांपासून वाढवावयाचा असल्यास त्याच्या कठीण कवचाच्या बिया गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवाव्यात, म्हणजे त्या लवकर रुजतात.

मुलांनो, झाड लावणे हे पुण्याचे काम आहे, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. ते खरेच आहे. पण नुसता खड्डा खणून रोप पुरल्याने ते काम पुरे होत नाही. आज तुमच्या ओंजळीत मावणारे रोप तुम्ही मोठे व्हाल तेव्हा घराहूनही उंच झालेले असेल. त्या वेळी त्याच्याखाली तुमच्या घरातील लहान मुले निर्धास्तपणे खेळतील की त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाड चालेल, हे तुम्ही आज केलेल्या विचारावर अवलंबून आहे. म्हणून आधी पान पाहावे, फूल पाहावे, शेंग पाहावी. मग अंगण मोजावे, जमीन पारखावी, आणि त्यानंतरच हातात कुदळ घ्यावी.

स्वाध्याय

१. पान आणि पर्णिका यांतील फरक कोणत्या खुणेवरून ओळखता येतो?
२. गुलमोहर आणि नीलमोहर यांच्या पानांतील भेद सांगा.
३. काळ्या जमिनीत भिंतीजवळ मोठे झाड का लावू नये?
४. ‘दोष झाडात नसतो’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या शाळेजवळील एका झाडाची उंची आणि पसारा मोजा. ते झाड तुमच्या अंगणात मावेल काय, ते कारणे देऊन लिहा.